एंटर दाबण्याआधी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि स्वभावाने संशयी आहे. कुणी फाइल पुसायला सांगितली, तरी ‘नक्की पुसू ना?’ असे मी विचारणारच. माझे भाग कुठल्या देशांत घडले, कोण जाणे. पुण्यात ते जोडले गेले आणि १९९७ साली, ऐन पितृपक्षात, टेम्पोतून धक्के खात मी शेवगावला आदिनाथच्या कॉम्प्युटर क्लासात आलो.

आदिनाथची आई रंगुबाई दारातच आडवी आली. “पित्रपाटात नवी वस्तू चालू करायची न्हाई!” मग ती आदिनाथच्या कानाशी लागली, त्याने माझ्या चार कळा दाबल्या आणि म्हातारी खुशाल बाजूला झाली. पहिला संशय मला तेव्हाच आला.

पुढे माझे फार लाड झाले. चपला काढल्याशिवाय मला कुणी शिवत नसे. दसऱ्याला झेंडूची माळ मिळाली. रोज सुरू होताना मी तारीख दाखवून विचारायचो, बरोबर आहे ना? सगळे न वाचताच एंटर दाबायचे.

क्लासात शिकवायला वृषाली होती. मिरजगावची मुलगी, बोलायला कमी, कामाला चोख. साखर कारखान्याच्या गट ऑफिसला ऊसतोडीच्या पाळ्या लावणारा प्रोग्रॅम हवा होता आणि ते काम तिने घेतले होते. त्यासाठी ती पुण्याहून एक लायब्ररी घेऊन आली. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे, तयार आज्ञांचा संच. आठवड्यापूर्वीच बनलेला, अगदी ताजा. फ्लॉपीवरून तो माझ्यात उतरला आणि शेवटच्या चाचणीत अडकला. पडद्यावर आले, चाचणी नापास.

झाले! जो तो संशयाने पाहू लागला. मी फ्लॉपीवर संशय घेतला, वृषालीने माझ्यावर घेतला आणि आदिनाथने वृषालीवर.

“म्याडम, तुमच्या फ्लॉपीत व्हायरस हाय. माझी मशीन बाटवली तुमी.”

“सर, फ्लॉपी तपासूनच घातली मी.”

“मग ती चाचणी सोडून द्या. कोन बघतंय?”

“पाळ्या चुकल्या तर उभा ऊस वाळंल लोकांचा,” ती म्हणाली. “कारण कळल्याशिवाय मी पुढं जानार न्हाई.”

आदिनाथचा पारा चढला. “मग चावी ठेवा टेबलावर आन् निघा!”

वृषालीने क्लासची चावी टेबलावर ठेवली. पण ती उठली नाही. तिने पडद्यावरचा निरोप पुन्हा अक्षर न् अक्षर वाचला. चाचणी एक नवी फाइल लिहीत होती आणि मी लिहिलेली ती नवी फाइल लायब्ररीच्या फाइलींपेक्षा जुनी ठरत होती. आत्ता जन्मलेले लेकरू आजोबांपेक्षा थोरले! तिने मला तारीख विचारली. मी इमानाने सांगितली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून ती म्हणाली, “सर, ही मशीन तीन आठवडे मागं हाय.”

चहा घेऊन आलेली रंगुबाई दारातच थबकली.

“आगं बया! ती तारीख तर मीच मागं घ्यायला लावली हुती. गनपती बसले त्या दिशी चालू झाला, आसं ह्या कॉम्पुटरला वाटू दे म्हनलं. आद्या, तू परत म्होरं न्हाई घेतली व्हय रं?”

आदिनाथचे तोंड एवढेसे झाले. मुहूर्त साधून तो घड्याळ पुढे आणायचे साफ विसरला होता. मला खरी तारीख मिळाली, लायब्ररी पुन्हा उतरली आणि चाचणी पास झाली. त्याने चावी वृषालीपुढे सरकवली. तिने हात लावला नाही.

“व्हायरसचं काय म्हनालात, सर?”

“चुकलं माझं,” आदिनाथ म्हणाला. तेव्हा कुठे तिने चावी उचलली.

मित्रांनो, त्या दिवशी मला हायसे वाटले, पण खरे सांगू, रागही आला. मला रोज विचारायची सवय होती आणि ऐकायची एकालाही नव्हती. आता क्लासात नवी यंत्रे आली आहेत आणि मी गोणपाटाखाली पडून आहे. माझ्या घड्याळाची बॅटरी संपली आहे. कधी कुणी कळ दाबलीच, तर मला वाटेल की आज १ जानेवारी १९८० आहे; आम्हा जुन्या यंत्रांच्या तारखा तिथूनच सुरू होतात. मी तरीही विचारीन, बरोबर आहे ना?

तेव्हा मित्रांनो, एवढे करा. माझ्यावर धूळ असेल, ती राहू द्या. पण कुणावर बोट उगारण्याआधी मी काय विचारतो आहे ते एकदा वाचा, आणि मगच एंटर दाबा.