झाड नसलेली भेग

मी एक जुनी होडी आहे. पाण्यावरची नव्हे, गोठलेल्या तळ्यावर शिडाच्या जोरावर पळणारी. मित्रांनो, भीती हा शब्द माझ्या लाकडाला ठाऊक नाही. अर्थात लाकडाला कुठलाच शब्द ठाऊक नसतो. शब्द सोडला, तर नाकापासून शेपटापर्यंत माझ्यात भीतीशिवाय काही भरलेलं नाही.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठच्या शेडमध्ये झाला. एमिल राड्के नावाच्या सुताराने मला लांबलचक अंग दिलं, आडवी फळी दिली, खाली तीन पोलादी पाती बसवली आणि वर डोलकाठी उभारली. ब्रेक तेवढा दिला नाही. आमच्या जातीला ब्रेक नसतोच. थांबायचं तर नाक वाऱ्यात घालायचं आणि शीड फडफडू द्यायचं. तोवर समोर जे येईल ते आपलं. मी वाऱ्यापेक्षा जोरात पळते म्हणून लोकांनी माझं कौतुक केलं. त्या वेगात माझ्या पोटात काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

एमिल गेल्यावर मी कित्येक वर्षं शेडच्या आढ्याला टांगलेली होते. उंदरांनी शिडाच्या पिशवीत संसार थाटले. याला लोक उपेक्षा म्हणतात. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ तोच. पण एमिलचा मुलगा डेल्मार नोकरीतून निवृत्त झाला, त्याला घरात करमेना, आणि मी पुन्हा बर्फावर आले.

मित्रांनो, बर्फ गप्प नसतो. लांब कुठेतरी तोफ उडाल्यासारखा आवाज होतो आणि तो कण्हत कण्हत आपल्या पोटाखालून निघून जातो. माणसं म्हणतात, "बोलतोय ना, म्हणजे पक्का आहे." मला मात्र तो काय बोलतोय ते नेहमी कळतं असं वाटतं, आणि माझी पाती गार पडतात. ती आधीच गार असतात, ही गोष्ट वेगळी.

आमच्या तळ्यावर एक रीत आहे. नाताळ सरला की काठावरचं प्रत्येक घर आपलं सुकलेलं नाताळचं झाड ओढत बर्फावर नेतं आणि आपल्या घरासमोरच्या भेगेपाशी रोवतं. झाड दिसलं की वळायचं. झाड नाही, म्हणजे बर्फ पक्का. राड्क्यांच्या घरापाशी जमिनीचं एक टोक तळ्यात घुसलंय; त्या टोकासमोर दर हिवाळ्यात भेग पडते, आणि दर हिवाळ्यात तिथे राड्क्यांचं झाड उभं असतं.

त्या वर्षी डेल्मारची बायको व्हर्ना म्हणाली, "झाडाच्या गळलेल्या सुया वेचून वेचून माझी कंबर गेली. यंदा प्लॅस्टिकचं झाड आणलंय."

"छान दिसतंय," डेल्मार म्हणाला. नाताळ झाल्यावर त्याने ते झाड घडी करून खोक्यात घातलं आणि माळ्यावर टाकलं. तळ्याची आठवण दोघांनाही झाली नाही.

शर्यतीच्या दिवशी वारा असा होता की बाकीची मंडळी शेकोटीजवळ सूप पीत बसली. बर्फावर उतरलो आम्ही आणि शेजारचा रोमन झिल्के.

"काय रे डेल्मार, घरी विचारून आलास ना?" रोमनने हाक मारली.

"तू मागे राहा आणि माझी पाठ बघ."

"तुझी पाठ मी शाळेपासून बघतोय, तिच्यात बघण्यासारखं काही नाही."

लाल बावटा पडला. रोमन पुढे निघाला आणि लांबचं वळण घेऊन गेला. डेल्मारने टोकाकडे नजर टाकली. झाड नव्हतं. त्याला हुरूप आला; माझं नाक त्याने सरळ टोकाकडे, जवळच्या वाटेने वळवलं.

मला ती दिसली. पांढऱ्यावर एक काळी रेघ, आणि रेघेतून वाफ निघत होती. मी करकरले, थरथरले, दोर ताणले. डेल्मारला वाटलं मी जोरात आले. त्याने शीड आणखी आवळलं.

काठावर व्हर्ना धावत आली. टोपीसुद्धा घातलेली नव्हती. "डेल्मार! झाड! अरे, आपलं झाड नाहीये तिथे!"

वाऱ्यात त्याला एवढंच कळलं की बायको आरडाओरडा करून आपल्याला चेव आणतेय. संसारात पहिल्यांदाच. त्याने खुशीत तिला हात केला.

मग पुढचं पातं खाली गेलं. डोलकाठी मोडली, माझं नाक भेगेच्या पलीकडच्या कडेवर आपटलं आणि मी भेगेवर पुलासारखी आडवी अडकले. डेल्मार उडून पाण्यात पडला. छातीपर्यंत बुडालेला, एक हात माझ्या डोलकाठीच्या तारेला. खालचं पाणी त्याचे पाय बर्फाखाली ओढत होतं, आणि त्याची बोटं एकेक करून सुटत होती. मला ती धरता येत नव्हती. मित्रांनो, एवढी भीती मला स्वतःसाठी कधी वाटली नव्हती.

रोमनने होडी वाऱ्यात घातली, उतरला आणि दोर घेऊन पोटावर सरपटत आला. "पाय मार, गाढवा! ओल्या पँटीसारखा लोंबू नकोस!"

डेल्मारने पाय मारले. रोमनने ओढलं. बर्फाच्या कडा तुटत होत्या. त्या तुटायच्या थांबल्या तेव्हा दोघंही उताणे पडून धापा टाकत होते.

"पुढे कोण होतं?" दातांच्या कडकडाटातून डेल्मारने विचारलं.

"मी. तू बुडत होतास."

व्हर्ना घोंगडी घेऊन पोचली. "आधी कपडे बदल," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "ओरडायचं ते मी नंतर ओरडेन."

आता मी परत आढ्याला आहे. डोलकाठी जोडायची राहिलीय. मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. खूण नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका. उतरा, चालत जा, सळईने ठोकून बघा. आणि आपल्या दारापुढची भेग आपणच राखा. तिच्यावरून जाणारा बहुतेक वेळा आपलाच असतो.

त्या दिवशी संध्याकाळी पंचांनी निकालासाठी नियम काढून वाचले. शर्यत झाली असं धरायला निदान तीन होड्या लागतात.