नळीवरून गेलेली वरात

मी बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, खाली बघा. झेलेना गावातून निघून कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या गव्हामधून मोठ्या हायवेला मिळणारा डांबरी रस्ता, तो मीच. सरळ, सपाट. फक्त मधे एका ठिकाणी थोडा डावीकडे सरकलोय. पृथ्वी गोल आणि मोजणीवाल्यांच्या रेघा सरळ, त्यांचा मेळ बसेना म्हणून मला वळवलं म्हणतात. मला त्या वळणाचा फार अभिमान आहे. आमच्या या सपाट गवताळ प्रेअरीत गंमत ती तेवढीच!

माझा जन्म घोड्यांच्या घामात झाला. युक्रेनहून आलेल्या शेतकऱ्यांनी कराऐवजी कष्ट दिले. दोन्ही बाजूंची माती लोखंडी सुपाने ओढून मधे रचली, तो मी. पुढे खडी आली, मग पापडासारखं पातळ डांबर. हिवाळ्यात मी गोठून फुगतो, वसंतात खचतो. मग ओरेस्ट बारान्युक आपलं पातं लावलेलं मोठं यंत्र घेऊन येतो, मला शिव्या घालतो आणि माझे खड्डे बुजवतो. त्याच्या शिव्यांशिवाय मला करमत नाही.

एका जुलैत रस्ते खात्याच्या लोर्ना केटलसनबाई आल्या आणि माझ्या अंगावर काळी रबराची नळी आडवी टाकून गेल्या. चाक गेलं की यंत्र मोजणार. गाड्या कमी भरल्या तर डांबर उखडून पुन्हा खडी. खडी झाली की शाळेची बस बंद, आणि बस बंद झाली की पोराबाळांची घरं शहरात.

ओरेस्टने डोक्याला हात लावला. "जुलैत मोजतायत? शाळेला सुट्टी, गहू शेतात उभा. कावळे मोजणार का आता?"

"मग आपण होऊ की कावळे!" पावलिनामावशी म्हणाली. शाळेची बस तीच चालवते. "उद्यापासून सगळ्यांनी फिरायचं."

"कुठे?"

"इकडून तिकडे, तिकडून इकडे. एवढंही कळत नाही का रे, घोड्या?"

मग काय विचारता! पिकअप, ट्रॅक्टर, कापणीयंत्रं, सगळी वरात माझ्यावरून सुरू झाली. वर्ष वर्ष न भेटलेली माणसं खिडकीतून गप्पा मारू लागली. वळणावर कुणीतरी टेबल मांडून बेरी भरलेले भाजलेले गोड 'पाय' वाटायला सुरुवात केली. नळीच्या गुदगुल्यांनी मी बेजार झालो. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मावशीच्या पिकअपचं पाणी उकळलं. मावशी मागे हटते थोडीच? गवत कापायच्या गाडीवर बसून आली. ती नळी ओलांडतेय तोच समोर लोर्नाबाई हजर. शहरापेक्षा जास्त आकडा बघून त्यांना वाटलं होतं, यंत्रच बिघडलं.

"कुठे निघालात, काकू?"

"दुकानात."

"दुकान मागे राहिलं."

"मग येताना जाईन!"

लोर्नाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग टेबलावरच्या 'पाय'चा तुकडा संपवून गंभीर झाल्या. "हा आकडा मी धरणार नाही. शाळा सुरू झाली, सुगी आली की पुन्हा मोजीन. पण तेव्हा कामाशिवाय एक जरी चाक फिरलं, तर खडीच."

झालं! सप्टेंबरात नळी पडली आणि अख्खं गाव साधुसंत झालं. तीन घरची माणसं एका गाडीत कोंबून जाऊ लागली. गव्हाचे ट्रकसुद्धा 'उद्या नेऊ' म्हणत अंगणात उभे. मावशी बस तेवढी चालवी; रविवारी मात्र चर्चला माझ्या कडेने पायी निघाली.

"मावशी, चर्चला जाणं कामच आहे की! काढ ना गाडी!" ओरेस्ट ओरडला.

"नको रे बाबा. मी तिथे वारेनिकी खायला जाते. त्याला काम म्हणायचं का?"

ह्या लोकांचा खोटेपणा मला तारू शकला नव्हता, आता खरेपणा मारणार होता. मला रडावं की हसावं कळेना.

आणि मग पहिल्या बर्फाचा इशारा आला. गहू बर्फाखाली गेला तर वर्ष गेलं! नळी कुणाच्या लक्षातच राहिली नाही. ट्रकमागून ट्रक, पोरांनी भरलेली बस, शेतावर जेवण पोचवणाऱ्या गाड्या, सगळे माझ्यावरून धावले. कामाची चाकं, खरी चाकं. लोर्नाबाई नळी गुंडाळायला आल्या तेव्हा यंत्राकडे बघून नुसत्या मान हलवत हसल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मला जाडजूड नवं डांबर मिळालं. ओरेस्टच्या शिव्या कमी झाल्या, एवढंच दुःख.

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून राम राम करतात. तुम्ही आलात तर तेवढं नक्की करा. पावलिनामावशी तर नळीच्या जागी आली की वेग कमी करते आणि बोट उचलते. समोर गाडी नसते, माणूस नसतो, कावळासुद्धा नसतो. तिथे फक्त मी असतो.