धावड्याची पांढरी पूड

माहेनूरने दोन वर्षं धावड्याची पानं उकळली. त्या काढ्यात जस्ताचा क्षार घालून भट्टीत भाजला की तळाशी पिठासारखी पांढरी पूड उरे: झिंक ऑक्साइडचे नॅनोकण. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने ती काचेच्या ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशींवर घातली. पेशी मेल्या. तिचे गाईड अजित सर धन्य झाले. या संशोधनात सरांनी एकदाच पान हाती धरलं होतं, तेही फोटोसाठी. तोच फोटो पेपरात आला: 'नंदुरबारच्या प्राध्यापकाची कॅन्सरवर मात.'

"सर, दुसऱ्या ताटलीतल्या निरोगी पेशीही मेल्यात. जवळजवळ तितक्याच."

"तो आलेख पुढच्या वेळी घेऊ. विज्ञान टप्प्याटप्प्यानेच पुढे जातं," सर म्हणाले, आणि सत्काराची शाल कुठल्या रंगाची असेल याची सखोल चौकशी करायला निघून गेले.

सत्काराच्या सकाळी तोरणमाळहून गुलाबबाई आली. माहेनूरला पानं तोडून देणारी तीच. सोबत नवरा आमशा, गालाला फडकं बांधलेला, आणि पानांचं एक पोतं.

"मास्तरनी पेपर वाची दखाडा. तुन्ही पूड दे, बेटी. याले गिळता येस नही."

"मावशी, ते औषध नाही. चांगल्या पेशीही मारतं ते."

"मंग पेपरमा कसाले छापं?"

उत्तर हॉलमध्ये पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलं होतं. माहेनूरने रिक्षा थांबवली आणि दोघांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आमशाच्या तोंडातल्या गाठीचा तुकडा तपासायला घेतला. तेवढ्यात सरांचा फोन आला.

"आभारप्रदर्शन कोण करणार? कुठे आहात?"

"पेशंटसोबत, सर."

"आपल्या औषधाचा?" सरांच्या आवाजात आशा फुलली.

"तसा असता तर मी पोलीस ठाण्यात असते."

पुढे माहेनूरने प्रबंधात दोन्ही आलेख घातले. सरांना सही करायला पेन सापडेना. चार महिने सापडेना. शेवटी सापडलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पहिलाच प्रश्न निरोगी पेशींबद्दल विचारला. माहेनूरने तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "तोच तर आमचा मुख्य निष्कर्ष!"

माहेनूरला पदवी मिळाली. आमशाचा अर्धा जबडा काढावा लागला. तो आता पेज पितो आणि ती अळणी झाली की गुलाबबाईला शिव्या देतो. शब्द नीट उमटत नाहीत, पण तिला सगळ्या कळतात.