एका हाताने उभं राहणारं घर

बाळ टिपणीसांना अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले होते. पाय काठीच्या आधाराने का होईना, चालू लागला होता. उजवा हात मात्र हटून बसला होता. टिपणीस तो मांडीवर ठेवून त्यावर नॅपकिन टाकत आणि कुणी तिकडे पाहिलं की खिडकीबाहेर बघत. घरात त्या हाताचा विषय निघत नसे.

आठवड्यातून तीन दिवस त्यांच्या पत्नी नीलाताई त्यांना वर्तकनगरमधल्याच एका उपचार केंद्रात नेत. एकच लांबट खोली. सकाळी तिथे मुलं यायची, अकरानंतर मोठी माणसं. टिपणिसांची वेळ अकराची, पण रिक्षा मिळेल न मिळेल या धास्तीने नीलाताई साडेदहालाच पोचत. त्या अर्ध्या तासात त्यांची शेवंतीबाईंशी ओळख झाली. शेवंतीबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. मासळीची टोपली रिकामी करून त्या नातीला, प्राप्तीला, इथे घेऊन यायच्या. प्राप्ती सात वर्षांची. तिचा डावा हात जन्मापासून कमजोर होता, मूठ बहुतेक मिटलेलीच. दोघी बायका खाडीतल्या निवट्यांच्या कालवणात चिंच घालावी की कोकम यावर वाद घालत बसायच्या आणि टिपणीस गुपचूप मुलांचा खेळ बघायचे.

कुणीतरी केंद्राला बाहुलीचं घर भेट दिलं होतं. लाकडी, सुबक, पण स्क्रूवर जोडायचं. अकराला खोली रिकामी करावी लागे, म्हणून घर उभं ठेवण्याची सोय नव्हती, आणि रोज पेचकस घेऊन बसायला संचिताला, म्हणजे तिथल्या थेरपिस्टला, सवड नव्हती. त्यामुळे घर कायम खोक्यात असायचं.

एका सोमवारी प्राप्तीने खोकं उघडून भिंती बाहेर काढल्या. एक भिंत उजव्या हाताने उभी केली आणि दुसरी घ्यायला हात सोडला, तशी पहिली पडली. मग तिने पहिली हनुवटीने दाबून धरली. तीही घसरली. शेवटी तिने भिंतीची कड दातांत पकडली आणि दुसरी ओढायला लागली.

"अगं पोरी, दात पडतील ना!" शेवंतीबाई ओरडल्या.

प्राप्तीने भिंत तोंडातून सोडली, सगळं खोक्यात कोंबलं आणि झाकणावर बसून राहिली. रडली नाही. नुसती बसून राहिली.

टिपणीस त्या दिवशी व्यायामात लक्ष देईनात. घरी आल्यावर नीलाताईंनी भात वाढला, तेव्हा ते म्हणाले, "नीला, पहिली भिंत कोण धरणार?"

"कसली भिंत?"

"दुसरी आणेपर्यंत पहिली कुणीतरी धरायला हवी. तिला दुसरा हात नाही. मग घरानेच धरायला हवी."

टिपणिसांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली होती. जिग आणि फिक्श्चर, म्हणजे मशीनवर काम चालू असताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणारी साधनं, त्यांची आखणी ते करायचे. नीलाताईंची नोकरी बँकेत. नवरा 'वस्तू धरून ठेवायच्या वस्तू' करतो, एवढंच त्यांना माहीत. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी एकदा विचारलं होतं. टिपणिसांनी उत्साहाने ड्रॉइंग पसरलं आणि सांगता सांगता पाहिलं, तर बायकोचा डोळा लागलेला. पुढे तो विषय दोघांनीही काढला नाही.

आता मात्र जेवणाचं टेबल पुठ्ठ्यांनी भरलं. टिपणीस डाव्या हाताने आखत आणि नीलाताई कापत.

"अहो, रेघ वाकडी आलीय."

"असू दे. बाजूला लिहिलेला आकडा बघ. त्यावर काप."

लोहचुंबक लावू या, असं नीलाताईंनी सुचवलं. "निघाला तर पोरं गिळतील." मग चिकटपट्टी, चपलेला असते तशी. "ती सोडवायला बोटांत जोर लागतो." प्लास्टिकच्या खिट्ट्या? "त्या दाबायला दोन हात." नीलाताईंना वाटायचं, हा माणूस नाहीच म्हणायला बसलाय. पण प्रत्येक नाहीमागे प्राप्तीचा हात होता. तिची बोटं किती उघडतात, मनगट कुठवर वळतं, हे सगळं टिपणिसांनी त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत टिपून ठेवलं होतं. आणि नीलाताई समजत होत्या, ते आपले नुसते बसून आहेत.

पाचव्या दिवशी ते टीव्हीशेजारच्या कपाटाकडे टक लावून बसले. तिथे भाचीच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका अर्धवट उघडून ठेवलेली होती.

"ती पत्रिका कुणी धरलीय?"

"कुणी कशाला धरेल? उभी आहे."

"तेच ना! एकटा कागद पडतो. दुमडलेला पडत नाही."

दोन भिंतींच्या मधे कापडी बिजागरी आली. पुस्तकासारखी जोडी उघडली की कोपरा होऊन आपली आपण उभी राही. अशा दोन जोड्या, म्हणजे चार भिंती. खाली एक पाट, आणि भिंती बसायला त्यात चर. चराचं तोंड त्यांनी नरसाळ्यासारखं रुंद ठेवलं, तळाशी अरुंद.

"एवढं रुंद कशाला?" नीलाताईंनी विचारलं.

"हात कापतो तेव्हा नेम लागत नाही. वर कुठेही टेकवलं तरी भिंत घसरत जागेवर गेली पाहिजे." त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताने मुद्दाम वाकडी भिंत सोडली. ती सुळकन खाली जाऊन बसली. नीलाताईंनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. डोळे मिटूनसुद्धा केलं. दर वेळी भिंत जागेवर. चौतीस वर्षं हा माणूस रोज डबा घेऊन जायचा तो असलं काही करायला, हे त्यांना आज कळत होतं, आणि आपण कधी पाहिलं नाही याची चुटपुट लागली.

पुठ्ठ्याचं घर केंद्रात नेलं. प्राप्तीने पहिला कोपरा उभा केला, तो राहिला. दुसरा ठेवायला गेली तर अख्खा पाटच तिच्यापासून लांब सरकला. टिपणीस हसले. झटक्यानंतर नीलाताईंनी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं.

"माझी चूक. फरशी गुळगुळीत आहे हे विसरलो."

सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे पाटाखाली चिकटले, आणि पुढच्या खेपेला प्राप्तीने उजव्या हाताने घर उभं केलं. चार भिंती, वर दुमडतं छप्पर. शेवंतीबाईंनी तोंडावर पदर घेतला. "बगा, बगा माजी पोर!"

संचिता मात्र म्हणाली, "काका, मस्तच झालंय, खरंच. पण एक प्रॉब्लेम आहे. हे सगळं उजव्या हाताने होतंय. मी वर्षभर हिच्या मागे लागलेय, डावा वापर, डावा वापर. आता तर तिला त्याची गरजच नाही उरली."

टिपणिसांचा चेहरा पडला. "म्हणजे दातांनी धरायला लावू?" ते फटकन बोलले आणि काठी घेऊन उठले. बुधवारी केंद्रात गेले नाहीत, शुक्रवारीही नाहीत. नीलाताईंनी समजूत घालून पाहिली, मग नाद सोडला.

शनिवारी दुपारी त्या बाजारातून आल्या, तर टिपणीस पुठ्ठ्याचं घर समोर घेऊन बसले होते. घराच्या दाराशी त्यांनी पुठ्ठ्याचा एक ओटा चिकटवला होता. आणि त्या ओट्यावर त्यांचा उजवा हात होता. नॅपकिन खाली पडलेला. डाव्या हाताने उचलून त्यांनीच तो तिथे ठेवला असणार. हाताच्या नुसत्या वजनाने ओटा दबला होता, आणि आतून एक पट्टी सरकून घराचं दार उघडं राहिलं होतं.

"संचिता बरोबर बोलत होती," टिपणीस नीलाताईंकडे न बघता म्हणाले. "घर उभं करायला एक हात पुरे. पण दार उघडायचं तर ओट्यावर दुसरा हात टेकवायचा. जोर नको, बोटं उघडायला नकोत, नुसतं वजन. तो हात दार धरून ठेवेल, हा बाहुलीला आत नेईल."

नीलाताई पिशवी हातात घेऊन तशाच ओट्याकडे वाकल्या. म्हणाल्या, "हात घसरतोय तुमचा. ओट्याला कठडा लावा."

"हं. हे सुचलं नव्हतं," टिपणीस म्हणाले, आणि आकडा लिहायला पेन्सिल घेतली.

टूलरूममध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेला कुंडलिक आता शीळफाट्याला लेझरवर प्लायवूड कापायचं वर्कशॉप चालवत होता. नीलाताईंनी त्याला आकडे पाठवले. त्याचा लगेच फोन आला. "मॅडम, हे सरांचंच आहे ना? चराच्या तळाला अर्धा मिलिमीटर सूट ठेवलीय. प्लाय पावसाळ्यात फुगतं, ते धरून. असा विचार करणारा माणूस मला परत भेटला नाही." तो चार दिवसांनी स्वतः घर घेऊन आला. कडा त्याने हाताने घासल्या होत्या, कुसळ लागू नये म्हणून.

केंद्रात त्या दिवशी सगळी मुलं गोल करून बसली. प्राप्तीने पाट मांडला, दोन कोपरे सोडले, छप्पर टाकलं. मग बाहुली घेऊन दाराशी आली, तर दार बंद. तिने उजव्या हाताने ओटा दाबला. दार उघडलं, पण बाहुली घ्यायला हात काढला की पुन्हा बंद. ती टिपणिसांकडे बघायला लागली.

टिपणीस मुद्दाम छपराकडे बघत राहिले. संचिताही ओठ आवळून उभी. शेवंतीबाई "अगं, तो हात..." म्हणायला लागल्या, तेव्हा नीलाताईंनी त्यांचं मनगट दाबलं.

प्राप्तीने खांदा पुढे केला. मिटलेली मूठ ओट्यावर आणून ठेवली. ती कठड्याला टेकून राहिली, दार उघडलं, आणि बाहुली आत गेली. मग ती बाहेर आली, परत आत गेली. सातव्या-आठव्या खेपेला मुठीची दोन बोटं जराशी सैल झाली होती. प्राप्तीला ते कळलंही नाही, ती बाहुलीशी भांडण्यात गर्क होती. संचिताने मात्र पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

अकरा वाजले. प्राप्तीने छप्पर उचललं, कोपरे मिटले, पाटावर रचले आणि सगळं कपाटाच्या खालच्या फळीवर सरकवून दिलं. कुणाची मदत लागली नाही.

टिपणिसांचा हात फारसा सुधारला नाही. पण आता तो टेबलावर असतो. आखताना कागद दाबून धरायला त्याचा उपयोग होतो. कुंडलिकने आणखी पाच घरं कापून दिली.

परवा शहाडच्या एका शाळेतून संचिताकडून नंबर घेऊन फोन आला. त्यांच्याकडे प्राप्तीसारखी काही मुलं आहेत, एक घर मिळेल का, असं एक शिक्षिका विचारत होत्या. नीलाताईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"मिळेल ना," टिपणीस म्हणाले. "पण आधी मला तिथे येऊन बसू द्या. मुलं किती आहेत? आणि कुणाचा कुठला हात?"

शिक्षिका एकेकाचं सांगू लागल्या. नीलाताईंनी चष्मा लावला आणि लिहून घ्यायला वही ओढली.