शालनचं हिरवं इरकल

मंगळवारी सकाळी शालन भिंतीच्या रंगाची झाली. भिंत बदामी होती. अंगातला गाऊनही बदामीच. मळखाऊ आहे, बरा पडतो, म्हणून अकरा वर्षं तोच रंग. त्यामुळे खुद्द शालनच्याही ते लक्षात आलं नाही. नवऱ्याने, अरविंदरावांनी, तिच्या खांद्यावर सदरा अडकवला तेव्हा कळलं.

"इथे खुंटी कधी ठोकली?" ते म्हणाले.

"खुंटी नाही, मी आहे."

"अस्सं. मग चहा टाक. चार वाजता रंगारी येतोय, भिंती मोकळ्या करून ठेव."

रंगारी भिंतीबरोबर आपल्यालाही दोन हात मारणार आणि तो रंग वाळला की आपण संपलो, हे शालनला चहा गाळतानाच उमगलं. रडत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. सोसायचा होता, नको तेवढा. पण त्यालाही काही हद्द असते. तिने सदरा काढून भिरकावला.

शिवणाच्या डब्यात मोत्याच्या कुड्या सापडल्या. एक घातली, तर कान परत आला, चांगला गव्हाळ. दुसरी घातली, दुसरा आला. मग तिने घड्याळ बांधलं, कॉलेजात बांधायची तसं, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. मैत्रिणी हसायच्या, तिला मात्र तसंच आवडायचं. घड्याळ बंद होतं, पण मनगट हजर झालं. आरशात दोन कान आणि एक मनगट बघून तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली.

पण तेवढ्याने बाई पुरी होत नाही. त्याला हिरवं इरकल हवं होतं, लाल काठांचं, तिने स्वतः निवडलेलं. नवी साडी घेतली की घडी मोडायला पहिल्यांदा वन्संना नेसायला द्यायची, ही शालनची रीत. द्यायची हौसेने, आणि परत मागायला जीभ रेटायची नाही. अशा कितीतरी गेल्या. जीव अडकला होता तो हिरवीत.

तिने कपाट उघडलं. कपाटाची पाठ मागे सरकली होती. हँगरांच्या खालून ती बराच वेळ चालत राहिली. शेवटी वन्सं दिसल्या, खुर्चीवर बसलेल्या, हिरवं इरकल नेसून.

"वन्सं, माझी साडी द्या."

"अगं, घडी मोडली नाही अजून."

"नऊ वर्षं झाली."

"बसूनच असते ना मी. बसून कुठे मोडते?"

शालनने पदर धरला आणि ओढायला लागली. वन्सं खुर्चीसकट शांतपणे गिरक्या घेत राहिल्या. साडी सुटत गेली तशी शालन नेसत गेली. पाय आले, कंबर आली, पदराखाली खांदा आला. काय ऐट वाटली तिला! आणि वन्सं पायांकडून बदामी होत चालल्या.

"मग मी काय नेसू?" वन्संनी विचारलं.

"तुम्हाला काय आवडतं?"

"मला?" वन्सं विचारात पडल्या. "जन्मभर दुसऱ्यांच्याच घड्या मोडल्या गं. आठवत नाही."

साडी परत द्यावी, असंही शालनच्या मनात येऊन गेलं. तिने निऱ्या घट्ट खोचल्या.

"ही माझी आहे, वन्सं. तुमची सांगा. कुठूनही आणते."

मागे बादली टेकल्याचा आवाज झाला. रंगारी आला होता.

"बाई, ही भिंत ऱ्हायली की."

"भिंत नाही. माझ्या नणंदबाई आहेत."

"मला तर भिंतच दिसतीया. साहेबांनी सांगितलंय, एकबी सोडू नको."

बदामी रंग वन्संच्या गळ्यापर्यंत चढला होता. शालन खुर्चीपुढे आडवी उभी राहिली.

"वन्सं, नुसता रंग सांगा. कुठलाही. पण तुमचा."

रंगाऱ्याने ब्रश बुडवला, बादलीच्या काठावर निथळू दिला. वन्संनी डोळे मिटले, आणि हनुवटी बदामी होता होता ओठ उघडले.