पिवळा टाका

"काका, हे सगळे एकाच माणसाचे उद्योग आहेत," असं म्हणून मॅडमनी टोपली टेबलावर उपडी केली.

निळ्या शर्टांचा ढीग पडला. कुणाच्या पाठीवर नऊ, कुणाच्या सात, एकाच्या तर शंभर. तो गृहस्थ फुटबॉलपेक्षा स्वतःवरच जास्त प्रेम करणारा असावा. मॅडमनी एक शर्ट उलटा केला आणि नंबराच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आतल्या बाजूला तीन बारीक पिवळे टाके होते आणि एक गाठ.

"प्रत्येकावर आहे हे. मशीनचं नाही, हाताचं आहे. आणि माणूस कसलेला आहे बरं का. मी नखानं ओढून पाहिली, गाठ जागची हलत नाही."

आपल्या कामाचं इतकं मनापासून झालेलं कौतुक नंबरकाकांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं, आणि आपले दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

गोष्ट अशी होती. हे दुकान ज्या क्लबचं, तो वर्षानुवर्षं फक्त फुटबॉल खेळत असे. शर्ट विकणं हेही आपलं काम आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. लोक कुठून तरी साधा निळा शर्ट पैदा करत, मैदानाच्या चार नंबरच्या गेटबाहेर जिन्याखाली शिलाई मशीन मांडून बसलेल्या काकांकडे देत, आणि काका त्यावर पांढऱ्या कापडाचा नंबर शिवून देत. अस्सल शर्ट दुकानात मिळतच नव्हता, त्यामुळे नकली कशाला म्हणायचं हा प्रश्नही नव्हता. मग नवे मालक आले. क्लबच्या नावाचं, रंगाचं, चिन्हाचं जे जे विकायचं ते क्लबच विकेल आणि क्लबच्याच दुकानात विकेल, असं ठरलं. गेटबाहेरचे ठेले एका सकाळीत उठले. दुकानात शर्टांवर गरम मशीननं नंबर चिकटवायला माणूस हवा होता. खेळाडूंचे कपडे सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या मित्रानं निवृत्त होता होता शब्द टाकला आणि काका आत आले, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पसंत पडलं तर कायम.

आत येताना त्यांनी बारा पानांवर सह्या केल्या. अकराव्या पानावर लिहिलं होतं, 'मी क्लबच्या परवानगीशिवाय क्लबचा माल कधीही बनवलेला नाही.' हे पान काकांनी नंतर सवडीनं वाचलं. तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मॅडम दुकानाच्या मॅनेजर म्हणून तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरातून आल्या होत्या. 'नंबरकाका' हे नाव दुकानातल्या मशीनमुळे पडलं असणार, अशी त्यांची समजूत होती. काकांनी ती जिवापाड जपली होती. पण आता 'जुना नकली शर्ट द्या, नव्या अस्सल शर्टावर सूट घ्या' अशी योजना निघाली होती, आणि काकांचा भूतकाळ रोज टोपली भरून दुकानात येत होता.

"शनिवारी वकील येतायत," मॅडम म्हणाल्या. "तोवर हा माणूस कोण ते शोधा. शिवणातलं इथं तुम्हालाच कळतं. सापडला की सरळ केस टाकायची."

"बघतो," काका म्हणाले. स्वतःलाच शोधायचं काम मिळालेला माणूस याहून जास्त काय बोलणार?

त्या आठवड्यात काका कशालाही घाबरू लागले. फोन वाजला की घाबरत, वाजायचा थांबला की जास्त घाबरत. मागच्या दाराशी पहारेकरी रोज सुटताना प्रत्येकाचे खिसे तपासायचा, क्लबचा माल बाहेर जाऊ नये म्हणून. काकांच्या खिशात रुमालापलीकडे कधी काही नसे, तरी खिसे उलटे करताना त्यांचे हात कापू लागले.

बुधवारी दुकान रिकामं असताना त्यांनी एका शर्टाची गाठ उसवून पाहिली. पुरावाच नाहीसा करावा, असा बेत होता. गाठ निघाली आणि पाठीवरच्या साताचा पाय सुटून लोंबू लागला. नंबराचा खालचा कोपरा सगळ्यांत आधी उसवतो, म्हणून तर तिथे शेवटचे तीन टाके ते हातानं घालत, जाड दोऱ्यानं. काकांनी शर्ट घाईघाईनं ढिगाच्या तळाशी कोंबला, आणि मग तो तळाशी का आहे असं कुणी विचारेल या भीतीनं परत वर काढला.

गुरुवारी एक जाडजूड गिऱ्हाईक आलं आणि मॅडम चार पावलांवर असताना काकांकडे बघून तोंडभर हसलं. बापाबरोबर पहिली मॅच बघायला आलो तेव्हा तुम्हीच नंबर लावून दिला होता, असं तो सांगायला लागला. काकांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. पलीकडच्या काउंटरला विचारा, असं तुटकपणे सांगून मान खाली घातली. तो मनुष्य शर्ट न बदलताच निघून गेला.

घरी काकांनी बायकोला पिवळ्या दोऱ्याचं रीळ फेकून द्यायला सांगितलं.

"ते माझ्या माहेरचं आहे," ती म्हणाली.

ते खरं होतं. लग्नात तिनं आणलेल्या डब्यातलं ते रीळ. पिवळ्या रंगाचं गिऱ्हाईक कधी भेटलं नाही, म्हणून काका तो दोरा आतल्या बाजूला वापरत. एवढी वर्षं झाली तरी रीळ संपलं नव्हतं; सासरच्या मंडळींविषयी काका एवढी एकच गोष्ट कौतुकानं सांगत.

"अगं, केस टाकणारेत माझ्यावर. नोकरी जाईल ती वेगळीच. या वयात मला कोण ठेवणार?"

"अहो, पण तुम्ही केलंत काय? लोकांचे शर्ट, लोकांचे नंबर. तुमचा त्यात होता फक्त दोरा. तोही माझा." तिनं रीळ डब्यात टाकलं, झाकण घट्ट लावलं आणि ताट वाढायला घेतलं. काकांनी घास मोडला आणि तसाच ठेवला.

शनिवारी वकील यायच्या आधी मॅडमनी दुकानाच्या मधोमध असलेली काचपेटी उघडायला लावली. तिच्यात जुन्या कप्तानाचा शर्ट होता, क्लबनं जिंकलेल्या एकमेव अंतिम सामन्यातला. खाली पाटी होती: 'शंभर टक्के अस्सल'. वकिलांना अस्सल आणि नकली शेजारी शेजारी दाखवायचं मॅडमच्या मनात होतं. त्यांनी शर्ट टेबलावर पसरला, उलटा केला आणि थांबल्या.

पाठीवरच्या दहाच्या खालच्या कोपऱ्यात तीन पिवळे टाके होते आणि एक गाठ.

काकांना मागे सरकायचं होतं, पण मागे भिंत होती.

"काका, याला हात कुणी लावला असेल?"

"खेळताना नंबर फाटतो, मॅडम," काका म्हणाले. "मधल्या सुट्टीत कपडेवाला पळत गेटवर आला असेल. कुणीतरी शिवून दिला असेल."

"सुट्टी पंधरा मिनिटांची. तेवढ्यात होतं?"

"आठ मिनिटांत झाला होता," काका बोलून गेले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या बोटांकडे. बाहेर वकिलांची गाडी थांबल्याचा आवाज आला. मॅडमनी जाऊन दार आतून लावून घेतलं.

"उसवा ते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि अहवालात लिहा, माणूस सापडला नाही."

काकांनी आधी अहवाल लिहिला. माणूस सापडला नाही. अक्षर चांगलं आलं. मग सुई गाठीखाली घातली. गाठ लवकर सुटेना. ज्यानं घातली होती तो त्या दिवशी घाबरलेला नव्हता. दोरा निघाला, दहाचा कोपरा वर आला, आणि काकांनी तो गरम मशीनखाली दाबून सपाट केला. मशीनला बारा सेकंद लागले.

वकील आत आले, शर्ट बघून खूश झाले. अस्सल माल बघताक्षणी कळतो, असं म्हणाले. जाताना मॅडम काकांना एवढंच म्हणाल्या, की सोमवारी ऑफिसात येऊन कायमच्या कागदांवर सह्या करा, आणि या वेळी आधी वाचा.

संध्याकाळी मागच्या दाराशी पहारेकऱ्यानं नेहमीसारखे खिसे उलटे करायला सांगितले. रुमालाबरोबर वीतभर पिवळा दोरा खाली पडला. इतकी वर्षं आत राहिल्यामुळे त्याचा रंग जरासुद्धा उतरला नव्हता.

"हे काय?"

"दोरा."

"दुकानातला?"

काकांनी हातांकडे पाहिलं. हात कापत नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "माझा आहे."

पहारेकऱ्यानं मान हलवली. काकांनी वाकून दोरा उचलला, बोटाला गुंडाळला, आणि दोन्ही खिसे तसेच बाहेर लोंबत ठेवून ते घराकडे चालू लागले.