बंद पानातली गोतमी

तुळसाबाईच्या घरात दुपारी कुणी झोपायचं नाही असा नियम होता, आणि तो मोडायचा हक्क एकट्या तुळसाबाईचा. श्रावणातल्या दुपारी ती पडवीत भिंतीला टेकायची, मांडीवर बुद्धाचा ग्रंथ उघडायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायची. शेजारी नात, राही. माडांच्या पलीकडून वेळणेश्वरचा समुद्र घोरत असायचा. हवा इतकी ओली की घर, माड, म्हातारी, पोर, सगळं पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं.

तुळसाबाई तिसरी शिकलेली. तिचं वाचन म्हणजे कातळावरची वाट, ठेचा खात पोचायचं. ती एक ओळ वाचायची, राही ती उचलायची. दुसऱ्या वेळी तुळसाबाई अडखळली की राहीच पुढची ओळ सांगायची, तीही न अडखळता, घंटेसारख्या आवाजात. पान संपलं की तुळसाबाई पोरीच्या गुडघ्यावर टिचकी मारायची आणि राही पान उलटायची.

पोर वाचते की म्हणते, हा प्रश्न तुळसाबाईने जिभेवर येऊ दिला नव्हता. तिच्या जिभेवर दुसरं काही अडून राहत नसे, एवढंच अडलं होतं.

हे सगळं सुनेमुळे सुरू झालेलं. सून समीक्षा रत्नागिरीला शिक्षणशास्त्राच्या वरच्या पदवीचा अभ्यास करत होती. आठवडाभर तिथे, शनिवारी एसटीने घरी. मुलांना शिकताना जे अडतं त्याला कोणी काय नाव दिलं, कोणी कशी व्याख्या केली, हा तिचा विषय. आषाढात एकदा ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आई, राहीची तपासणी करून घेऊ या. पाचवीत आली, अजून पहिलीचा धडा अडतो. शिक्षक तिला आळशी म्हणतात. दाखला मिळाला तर परीक्षेत जादा वेळ मिळेल, शिकवायची पद्धत बदलता येईल."

"कसला दाखला?"

"अध्ययन अक्षमतेचा."

"अक्षम," तुळसाबाई म्हणाली. तांदळातला खडा उचलून तिने अंगणात भिरकावला. "माझ्या आज्याला अक्षराच्या सावलीला उभं राहू दिलं नाही कुणी. सासऱ्याने धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरात भांडी चार नि पुस्तक एक होतं. त्या घरातल्या पोरीवर मी शिक्का मारून आणू?"

"शिक्का नाही हो. हुशार आहे ती. म्हणूनच तर."

"हुशार आहे नि अक्षम पण आहे. हे कुठल्या पंडिताने सांगितलं?"

समीक्षाने सांगायचा प्रयत्न केला. पूर्वीचे लोक म्हणायचे, अशा मुलांना शब्दांचं आंधळेपण असतं. मग कुणी म्हणालं, मेंदूला मार लागलेला असेल. आता बरेच जण मानतात की शब्दातले आवाज सुटे करून अक्षरांना जोडण्यात अडचण असते.

"आधी डोळ्यात, मग डोक्यात, आता कानात," तुळसाबाई म्हणाली. "आणखी चार पंडित बसवा. संध्याकाळपर्यंत दुखणं गुडघ्यात उतरेल."

समीक्षाला हसू आलं, पण तिने ते तांदळात लपवलं. "आणि ओळखायचं कसं, त्यावरही भांडण आहे. काही म्हणतात, मुलाची समज वर आणि वाचन खाली, असं मोठं अंतर असलं तर. दुसरे म्हणतात, अंतर मोजत बसू नका. आधी नीट शिकवा, तरीही जो मागे राहील तो."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी अजून वाचतेय."

"मग वाच. वाचून झालं की बोलायला ये."

"एक बहुतेकांनी मानलंय," समीक्षा हळू म्हणाली. "नजर कमी असेल, घरची गरिबी असेल, कुणी शिकवलंच नसेल, तर ते यात धरत नाहीत."

तुळसाबाईचे हात थांबले. "म्हणजे माझ्या आज्याला हे असतं तरी कुणाला कळलं नसतं."

"नसतं."

"त्याला पाटीच दिली नव्हती ना."

समीक्षाने सूप बाजूला ठेवलं. मुंबईला नवऱ्याला फोन लावला, तर गौरव म्हणाला, "आई म्हणेल तसं." त्याचं हे उत्तर लग्नाच्या वेळचंच होतं.

"वर्षावासात, पावसाळाभर विहारात ग्रंथ वाचतात तेव्हा, आपल्या घराची पाळी येते," तुळसाबाईने निकाल दिला. "विहारात राही ग्रंथ वाचेल. वाचली, की तपासणीचं नाव घरात काढायचं नाही."

"आणि नाही वाचली तर?"

"वाचेल."

म्हणून या दुपारी. म्हणून ही गोतमीची गोष्ट. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन दारोदार मोहरी मागणारी, पण जिथे कुणी मेलं नाही अशा घरची. राहीला ती फार आवडायची. "आजी, तिचे पाय दुखत असतील," ती मध्येच म्हणायची.

एका दुपारी तुळसाबाईचा डोळा लागला. स्वप्नात ओहोटी होती. ओल्या वाळूतल्या बिळांतून ग्रंथातली सगळी अक्षरं बाहेर आली होती, इवल्या कुर्ल्यांसारखी तिरकी चालत. राही उकिडवी बसून त्यांना हाका मारत होती. ती हात पुढे करी, की अक्षरं बिळात. मग पोरीने डोळे मिटले आणि गोतमीची गोष्ट म्हणायला घेतली. अक्षरं हळूहळू वर आली, तिच्या पावलांवर येऊन बसली. तिला ते माहीतच नव्हतं.

जागी होऊन तुळसाबाईने विचारलं, "गो बाय, अक्षरं दिसतात ना तुला?"

"दिसतात की. चांगली दिसतात."

"मग?"

"ती मला ओळख देत नाहीत. तू बोललीस की गोष्ट ओळख देते."

"ओळख देत नाहीत म्हणजे? घरची आहेत ती," तुळसाबाई करवादली आणि तिने गुडघ्यावर टिचकी मारली.

पाळीच्या दिवशी विहारात पांढऱ्या कपड्यांची दाटी झाली. मेणबत्त्यांच्या ज्योती ओल्या वाऱ्याने वाकत होत्या. विहाराचा ग्रंथ घरच्यासारखाच, त्याच छपाईचा, पण कपाटात राहून दमट झालेला. राही पुढ्यात बसली. बोट ओळीवर ठेवलं आणि तिचा आवाज सुरू झाला. बायकांच्या माना हळूहळू डोलू लागल्या. गोतमी एका दारातून दुसऱ्या दारात गेली, तशी राहीने पाने उलटली, एकही टिचकी नसताना. तुळसाबाईला वाटलं, छप्पर उघडलंय आणि वरून तिचा आज्या बघतोय.

राहीने ठरलेल्या जागी थांबून खुणेची फीत ठेवली. पुढचं वाचायला महिपत गुरुजी सरसावले. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, आवाज मऊ. त्यांनी फितीच्या जागी पाहिलं, थांबले. मागचं पान पाहिलं. मग अंगठ्याच्या नखाने दोन चिकटलेली पाने सोडवली. कागद ओल्या पापडासारखा सुटला.

आत गोतमी होती. राहीने आत्ता ऐकवलेली मधली सगळी दारं त्या बंद पानात होती.

गुरुजींनी पोरीकडे पाहिलं आणि चष्मा पुसला. "दमट हवा. पानं आत्ताच चिकटली असतील, तुळसाबाई."

त्यांनी सुटकेचं दार उघडून धरलं होतं. नुसतं पाऊल टाकायचं. मागे बसलेली समीक्षा खाली पाहत होती, जिंकल्याची एक रेघ तिच्या चेहऱ्यावर नव्हती. राही मात्र आजीकडे बघत होती, टिचकीची वाट पाहावी तशी.

तुळसाबाई उठली. गुडघे वाजले.

"पानं आधीपासून बंद होती, गुरुजी. पोर वाचत नव्हती, म्हणत होती. मी अडखळत वाचलेलं तिने कानाने उचललं. पाचवीत आहे, वाचता येत नाही तिला." एवढं बोलून तिने सगळीकडे नजर फिरवली. "हसायचं असेल त्याने आधी बंद पान वाचून दाखवावं."

हसलं कुणी नाही. गुरुजींनी पुढचं वाचायला घेतलं, आणि राही येऊन आजीच्या मांडीत शिरली.

घरी जाताना पाखाडीवर धुकं इतकं होतं की पायऱ्या पायांनीच शोधाव्या लागत होत्या. राही पुढे होती. तुळसाबाईने सुनेचा दंड धरला होता, आधाराला म्हणा.

"ते समज नि वाचनातलं अंतर म्हणालीस ते. केवढं लागतं?"

"आई?"

"एक पान पुरेल?"

"मला पुरेल. मोजणारे त्यांच्या पट्टीने मोजतील."

"आणि घरची गरिबी काढली तर त्यांनी? कुणी शिकवलं नाही म्हणाले तर?"

"म्हणतील कदाचित."

"मग मी येते. सांगते, घरात ग्रंथ आहे आणि रोज वाचला जातो. वाचणारी तिसरी शिकलेली आहे, पण थांबत नाही. आणि तो तुमचा शब्द, अक्षम, तो पोरीसमोर काढायचा नाही. कागदावर हवा तर लिहा."

"सांगा तुम्हीच."

"सांगणारच आहे. तुला काय विचारत नाही."

सोमवारी गुहागरहून तिघी तपासणीसाठी रत्नागिरीच्या एसटीत बसल्या. काचेवर दव, बाहेर भातखाचरं धूसर हिरवी, कुठे गाव सुरू होतं आणि कुठे संपतं कळू नये अशी. राही आजीच्या खांद्यावर कलंडली आणि झोपेतच पुटपुटू लागली. गोतमी निघाली होती. पहिलं दार, मग दुसरं. तुळसाबाई ओठ न हलवता तिच्यासोबत चालत राहिली, बंद पानातून, उघड्या पानावर. पान संपलं तेव्हा तिचा हात सवयीने राहीच्या गुडघ्यावर गेला, आणि टिचकी न मारता तिथेच राहिला.